दर हिवाळ्यात भिंत ओली होते? गच्ची खोदण्याआधी हे तपासा

डिसेंबर मध्यावर आला की ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या घरांतून तीच तक्रार सुरू होते. कपाट सरकवलं तर मागे काळे ठिपके. पलंगाच्या उशाकडची भिंत हाताला ओलसर. फडताळातल्या चंदेरी साडीला कुबट वास. सकाळी खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळतं, चौकटीचं लाकूड फुगतं आणि कडी लागेनाशी होते. फेब्रुवारी सरता सरता सगळं आपोआप वाळतं, माणसं विसरून जातात, दिवाळीला नवा रंग दिला जातो आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा तीच भिंत, तोच कोपरा.

लोक ठेकेदाराला बोलावतात. ठेकेदार वर बघतो आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग सांगतो. दौलतगंजात माझ्या मावशीकडे तेच झालं. गच्ची उकरून रसायन भरलं, वर नव्याने फरशी बसवली, आणि तरीही ओल आली तेव्हा दुसऱ्या कुणी भिंतीवर पीव्हीसीचे पॅनेल ठोकून दिले. पॅनेल दिसायला छान होते. वर्षभराने एक काढून पाहिला, तर मागची भिंत वरपासून खालपर्यंत काळी पडली होती. खर्च झाला तो झालाच, शिवाय मावशीचा खोकला त्या खोलीत कधी थांबलाच नाही.

म्हणून आधी हे सांगते. जी ओल थंडीत येते आणि उन्हाळ्यात जाते, ती बहुतेक वेळा बाहेरून आलेली नसते. ती घरातलीच वाफ असते. तिला बाहेर जायला वाट नसते, म्हणून ती सगळ्यात गार जागी जाऊन बसते. गच्चीवर कितीही रसायन ओतलं तरी तिला काही फरक पडत नाही.

ओल कुठली, ते ओळखायचं कसं

जमिनीतून चढणारी ओल तळापासून दोन-चार फुटांपर्यंत असते. तिच्यावर पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची पूड, फुटतो, रंगाचे पोपडे निघतात, आणि ती बारा महिने असते. पावसाळ्यानंतर जास्त दिसते एवढंच. गळती एका ठिकाणी डाग पाडते. डागाची कड पिवळट-तपकिरी असते, आणि पाऊस पडला किंवा वरच्या मजल्यावर नळ चालला की तो डाग मोठा होतो.

वाफेची ओल वेगळी. ती छताच्या कोपऱ्यात, उत्तरेच्या भिंतीवर, कपाटामागे, पलंगाच्या बॉक्समध्ये, खिडकीभोवती दिसते. लोणा नसतो. डागाला कड नसते, नुसते काळे-हिरवट ठिपके पसरत जातात. आणि ती सकाळी जास्त, दुपारी कमी असते.

तरीही शंका असेल तर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल घ्या. ओल्या जागेवरचा साधारण फूटभर चौकोन कोरड्या फडक्याने पुसा, त्यावर फॉइल लावून चारी कडा टेपने घट्ट बंद करा आणि एक-दोन दिवस तशीच ठेवा. फॉइलच्या खोलीकडच्या अंगाला पाण्याचे थेंब आले तर ओल हवेतली आहे. फॉइल काढल्यावर आतल्या, भिंतीकडच्या अंगाला पाणी असेल तर ते भिंतीतून येतंय, आणि मग गवंड्याला किंवा प्लंबरला बोलवा. दोन्हीकडे पाणी असेल तर दोन्ही रोग आहेत. जुन्या घरात तसंही असतं. फॉइल खर्चाच्या आधी लावायची, ठेकेदार दारात उभा असताना नाही.

आपल्याच घरांना का

आपली जुनी घरं मे महिन्यासाठी बांधलेली आहेत. बाहेर ४५ अंश असताना आत गारवा राहावा म्हणून हातभर जाडीच्या दगडी भिंती आणि वर दगडी पटियांचं, म्हणजे लांब सपाट लाद्यांचं, छत. उन्हाळ्यात या भिंतींचे उपकार मानावेत. पण तोच दगड डिसेंबरात एकदा गार झाला की दिवसभर तापत नाही. जानेवारीत दुपारी बाहेर २०-२२ अंशांचं छान ऊन असतं, आणि दिवाणखान्यात पाऊल टाकलं की पायांना कापरं भरतं, हे इथल्या कुणाला वेगळं सांगायला नको. रात्री आकाश निरभ्र असलं की छताची उष्णता वर निघून जाते आणि पहाटे पारा ४-५ अंशांवर येतो तेव्हा पटिया खोलीतली सगळ्यात गार जागा झालेली असते.

आता वाफेचा हिशेब. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकतं. तीच हवा १० अंशांच्या भिंतीला टेकली की तिच्यात फक्त ९ ग्रॅमच्या आसपास मावतं. उरलेलं भिंतीवर उतरतं. बारा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ४१ घनमीटर. १८ अंशांना या अख्ख्या खोलीत फार तर ६३० ग्रॅम पाणी मावेल. झोपलेला प्रौढ माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पाणी सोडतो. दोन माणसं आठ तास झोपली की ६४० ग्रॅम. म्हणजे हवा आधी अगदी कोरडी असती तरी एका रात्रीत खोली भरली. आणि हवा कोरडी कधीच नसते.

त्यात इतर गोष्टींची भर. धुकं आहे म्हणून कपडे खोलीत दोरीवर घातले जातात. मशीनमधून पिळून निघालेल्या एका धुण्यात दोनेक लिटर पाणी सहज उरलेलं असतं आणि ते सगळं त्याच खोलीत सुटतं. गॅस जाळला की वाफ तयार होते, एक किलो एलपीजीमागे दीड किलोपेक्षा जास्त पाणी. कुकरच्या शिट्ट्या, अंघोळीची वाफ, ओले टॉवेल हे आणखी वेगळं.

आणि आपण काय करतो? रोशनदानात पुठ्ठा कोंबतो.

जुन्या घरांत छताजवळ जे रोशनदान असतं ते काही शोभेला ठेवलेलं नाही. गरम, दमट हवा वर चढून तिथून बाहेर जावी म्हणून ते आहे. थंडीत ते बंद केलं की घराचा श्वास कोंडतो. वर पूर्वीच्या चुन्याच्या गिलाव्यावर आता प्लास्टिक पेंट असतो. चुना थोडीफार ओल शोषून घेतो आणि दुपारी परत सोडतो. प्लास्टिक पेंटवर मात्र तिचे थेंब होतात, आणि थेंब साचले तिथे बुरशी धरते.

थाटीपूर, सिटी सेंटरकडच्या नव्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे जुन्या घरांचं दुखणं समजू नये. तिथे रोशनदानच नाही, अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या घट्ट बसतात, आणि काँक्रीटचे बीम-कॉलम विटांपेक्षा लवकर गार होतात. म्हणून फ्लॅटमध्ये काळे ठिपके बरोबर बीमच्या रेषेत दिसतात. तुमच्याकडे ठिपके सरळ पट्टीत असतील तर कारण हेच समजा.

मग करायचं काय

सगळ्यात मोठं काम फुकटचं आहे. दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान, ऊन असेल तेव्हा, समोरासमोरच्या खिडक्या-दारं उघडायची. अर्धा-एक तास. त्या वेळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा उबदार असते आणि तिच्यात वाफही कमी असते, त्यामुळे खोली वाळते आणि थोडी तापतेही. मी हे सांगितल्यावर मावशी म्हणाली, "अगं, एवढ्या थंडीत खिडक्या उघडायच्या?" थंडी तिला पहाटेची आठवत होती. आणि खरं तर त्या वेळी घरातली सगळी माणसं गच्चीवर उन्हात बसून मटार सोलत असतात, पेरू खात असतात, आणि खाली घर मात्र कड्या लावून बंद. माणसं उन्हात आणि घर अंधारात, हा क्रम बदलला तरी निम्मं काम होतं.

धुक्याचे दिवस असतात, सूर्यच दिसत नाही, तेव्हा दुपारी दहा मिनिटं तरी आरपार हवा खेळू द्या. तेवढ्याने भिंती गार पडत नाहीत, फक्त हवा बदलते. पहाटे खिडकी उघडून बसण्याची गरज नाही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. थंडीची लाट ओसरून एकदम ढग येतात, मावठा पडतो, हवा अचानक ऊबदार आणि दमट होते. त्या दिवशी गार दगडी फरशीला अक्षरशः घाम सुटतो, कारण बाहेरचीच हवा ओली असते. अशा दिवशी खिडक्या बंद ठेवा, पंखा मंद चालवा, फरशी कोरड्या फडक्याने पुसा. ऊन पडलं की पुन्हा उघडा.

रोशनदानातला पुठ्ठा काढा. कबुतरांचा त्रास असेल तर जाळी लावा. थंड वाऱ्याचा झोत अंगावर येतो तो रोशनदानातून नाही, दाराखालच्या फटीतून आणि खिडकीच्या सैल पल्ल्यांतून. त्या फटी जरूर बंद करा. पल्ल्यांना फोमची चिकटपट्टी, दाराखाली जुन्या साडीची गुंडाळी. खालचा झोत थांबवायचा आणि वरची वाट मोकळी ठेवायची.

स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा असेल तर अंघोळ झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा आणि दार लावून घ्या, नाहीतर वाफ झोपायच्या खोलीत जाते. दाराखाली बोटभर फट लागेल, कारण आत हवा आलीच नाही तर पंखा नुसता घरघरतो. कपडे गच्चीवरच वाळवा. दोन दिवस लागले तरी चालेल. अगदीच इलाज नसेल तर एकच खोली ठरवा, तिचं घराकडचं दार बंद ठेवा आणि बाहेरची खिडकी थोडी उघडी.

कपाटं आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून किमान चार बोटं पुढे ओढा. भिंतीला चिकटलेल्या कपाटामागे हवा फिरत नाही आणि खोलीची ऊबही पोचत नाही, म्हणून भिंतीचा तो तुकडा इतर भिंतीपेक्षा गार राहतो. शक्य असेल तर मोठं कपाट आतल्या भिंतीला न्या. एवढ्यानेच कित्येक घरांतला प्रश्न सुटलेला मी पाहिला आहे.

फडताळाची गोष्ट थोडी वेगळी. भिंतीत कोरलेल्या फडताळामागे भिंतीची जाडी निम्मी किंवा त्याहून कमी उरते. ते बाहेरच्या भिंतीत असेल तर हिवाळ्यापुरते कपडे तिथून काढाच. रेशमी साड्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, मलमलच्या कापडात गुंडाळा. डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी असतात, ओलीचं त्यांना काही करता येत नाही. ओल शोषणारे डबे मिळतात ते बंद कपाटात थोडा उपयोग देतात, अख्ख्या खोलीला नाही.

रजया आणि गाद्या उन्हात घाला. रात्रभराची वाफ कापसात मुरते. दुपारी तीन तास ऊन मिळालं की रजई हलकी होते आणि रात्री खरंच जास्त ऊब देते. बॉक्सच्या पलंगावरची गादी रोज सकाळी काढता आली नाही तरी अधूनमधून उभी करून ठेवा. खालची बाजू तपासा. तिथली बुरशी कुणालाच दिसत नाही आणि दमेकरी माणूस रोज तिच्यावर झोपतो.

आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र हल्ली काहीशे रुपयांत मिळतं. खोलीतला आकडा ४० ते ६० टक्क्यांत राहिला तर ठीक. रोज सकाळी ७०च्या वर दिसत असेल तर वाफ बाहेर जात नाहीये. अंदाजाने भांडण्यापेक्षा हा आकडा घरातल्या सगळ्यांना पटतो.

धरलेली बुरशी काढताना

कोरडा झाडू फिरवू नका, तिचे कण घरभर उडतात. नाकातोंडाला मास्क, हातात मोजे, खिडकी उघडी. साबणाच्या पाण्याने ओलं फडकं करून पुसा आणि फडकं टाकून द्या. गुळगुळीत पृष्ठभागावर, म्हणजे टाइल्स किंवा काचेवर, पातळ केलेलं ब्लीच चालतं. पण ब्लीच आणि संडास साफ करायचं अॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो जीवघेणा आहे. गिलाव्यात खोल शिरलेली बुरशी पुसून जात नाही. तेवढा गिलावा खरवडून काढावा लागतो. काळ्या डागावर सरळ रंग मारलात तर महिन्याभरात डाग रंगावर येतो.

सिगडी आणि गॅस गीझर

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. ओल भिंत बिघडवते, हे माणसं मारतं.

घर बंद करून आत सिगडी पेटवायची आणि तशीच ठेवून झोपायचं, ही आपल्या भागातली जुनी सवय आहे. निखारे लाल झाले, धूर थांबला, म्हणजे धोका गेला असं वाटतं. खरं तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निखाऱ्यांतूनच निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशी कुटुंबंच्या कुटुंबं जातात. झोपायच्या खोलीत सिगडी नको, कोळशाची नको, लाकडाची नको, दार थोडं उघडं ठेवूनही नको. अंगणात, गच्चीवर शेकोटी करा, गजक खात बसा आणि आत येताना निखारे बाहेरच ठेवा.

गॅस गीझर न्हाणीघराच्या आत नसावा. बाहेर, मोकळ्या हवेत बसवून फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणावा. छोट्या बंद न्हाणीघरात तो ऑक्सिजन खातो, हवा कमी पडली की हाच वायू सोडतो, आणि थंडी आहे म्हणून माणूस नेमका तिथलं रोशनदान बंद करून बसतो. आज बदलणं शक्य नसेल तर गीझर चालवून बादल्या भरा, तो बंद करा, दार उघडून हवा बदलू द्या आणि मग अंघोळीला जा. अंघोळीला गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर वाट बघू नका. दार तोडा, उघड्यावर आणा, १०८ ला फोन करा. घरातल्या अनेकांचं एकाच वेळी डोकं दुखू लागलं, मळमळलं, गरगरलं, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर ती सर्दी नाही. सगळ्यांना बाहेर काढा आणि दवाखान्यात नेताना हा संशय डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

विजेचा हीटर त्यातल्या त्यात बरा, पण त्याच्या वायरकडे बघा. २००० वॉटचा हीटर जवळपास ९ अँपिअर वीज ओढतो. तो १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावायचा. मोबाइल चार्जरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर तो चालतो, आणि चालता चालता बोर्ड वितळतो. प्लगला हात लावून पाहा, गरम लागला तर बंद करा. हीटरवर मोजे वाळत घालू नका. दर तासाला दोन युनिट जातात ते वेगळंच. रात्रभर खोली तापवण्यापेक्षा झोपण्याआधी अर्धा तास चालवा, बंद करा आणि अंथरुणात गरम पाण्याची पिशवी घ्या.

रंग कधी द्यायचा

ही चूक घरोघरी होते. पावसाळा सप्टेंबरच्या शेवटी-शेवटी परततो, आणि जाड दगडी भिंत तेव्हा आतून ओलीच असते. दोन-तीन आठवड्यांत दिवाळीचा रंग येतो. ओल आत कोंडली जाते, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त गार राहते, म्हणून थंडीत तिच्यावर वाफही जास्त धरते. दिवाळीला घर झाडा, कपाटं ओढा, रोशनदानं साफ करा, खिडक्यांना पट्ट्या लावा, पण ओलीच्या भिंतीवर रंग नको.

त्या भिंतीचं काम मार्च लागल्यावर काढा. जिथे गिलावा खराब झाला आहे तिथे तो खरवडून भिंत महिनाभर उघडी वाळू द्या. दगडी भिंत असेल तर चुन्याचं काम येणारा गवंडी शोधा. लश्करात अजून काही जण आहेत, जुन्या वाड्यांची डागडुजी जिथे चालू असते तिथे चौकशी केली की सापडतात. त्यावर चुन्याची सफेदी किंवा चुन्याचाच रंग द्या. चुना अल्कधर्मी असतो, बुरशीला तो मानवत नाही. रंगाच्या दुकानात प्लास्टिक पेंटच बरा असं सांगतील, तेव्हा भिंत दगडी आहे आणि तिला थंडीत पाणी धरतं एवढं ठामपणे सांगा.

एवढं करूनही पुढच्या जानेवारीत एखादा कोपरा भिजलाच, तर फॉइल पुन्हा त्याच जागी लावा. या वेळी पाणी भिंतीकडच्या अंगाला आलं तर मात्र गच्ची बघायला माणूस बोलवा.